मीडिया प्लेअर अद्ययावत केल्यानंतर संगणक बंद पडतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे. देवळाच्या उत्सवांत झालेली मराठी नाटके, भजनी सप्ताह आणि कीर्तने यांची अनेक वर्षांची चित्रमुद्रणे त्यात साठवलेली असून त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. या मुद्रणांच्या निमित्ताने डिचोली, पेडणे, सांगे या तालुक्यांतील मंडळींशी माझा संबंध येतो, आणि त्यांच्याकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते : चित्रफिती पाहण्याचा प्लेअर अद्ययावत केला आणि त्या दिवसापासून संगणक मध्येच बंद पडू लागला. माझ्यापर्यंत येईस्तोवर बहुतेकांनी कोणाच्या तरी सल्ल्यावरून संगणक फॉरमॅट करायची तयारी केलेली असते. तशी वेळ फार क्वचित येते, आणि फॉरमॅटमध्ये पुसले गेलेले नाटक पुन्हा उभे करायला त्यातले नट आता हयात नसतात. म्हणून ही उत्तरे जरा सविस्तर लिहिली आहेत. ती विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून आहेत. उदाहरणे मुख्यतः व्हीएलसीची आहेत, कारण आमच्याकडे घरोघरी तोच प्लेअर आढळतो.

प्लेअरसारखा साधा प्रोग्रॅम अख्खा संगणक कसा बंद पाडू शकतो?

एकटा प्लेअर सहसा तसे करू शकत नाही, आणि एवढे ध्यानात घेतले की पुढचा शोध निम्मा सोपा होतो. विंडोजमध्ये सामान्य प्रोग्रॅमना कुंपण घातलेले असते. त्यांच्यात काही चुकले तर विंडोज तेवढा प्रोग्रॅम बंद करते आणि बाकीचे काम चालू राहते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम, मात्र या कुंपणापलीकडे, विंडोजच्या गाभ्यात काम करतो. तिथे चूक झाली की विंडोजला सावरायला जागा उरत नाही आणि निळा पडदा येतो. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत हाच पडदा काळा झाला आहे.

प्लेअर अद्ययावत होतो तेव्हा अनेकदा बदलते ती या ड्रायव्हरकडून काम करून घेण्याची त्याची पद्धत. चित्रफीत उलगडण्याचे काम, ज्याला डिकोडिंग म्हणतात, मुख्य प्रोसेसर करू शकतो किंवा ग्राफिक्स चिप करू शकते. व्हीएलसीची ३.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०१८ मध्ये आली, तेव्हापासून तो हे काम शक्य तिथे आपणहून ग्राफिक्स चिपकडे सोपवतो. त्यामुळे वर्षानुवर्षे जुनी आवृत्ती वापरून एकदम नवीवर उडी मारली, की ड्रायव्हरच्या ज्या भागाला कधी हातच लागला नव्हता तो भाग कामाला लागतो. दोष तिथे आधीपासूनच होता. जुन्या प्लेअरचा पाय त्यावर कधी पडला नव्हता, नव्याचा पहिल्याच दिवशी पडला.

‘संगणक बंद पडतो’ एवढे सांगितले तर पुरेसे नाही का?

नाही. बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या कारणाकडे बोट दाखवते. फक्त प्लेअरची खिडकी नाहीशी होत असेल आणि बाकी सर्व ठीक चालत असेल, तर दोष प्लेअरच्या मांडणीत किंवा त्या एका फाइलमध्ये शोधावा. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा दिसू लागत असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजने त्याला पुन्हा सुरू केले, असे समजावे. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज तिला नव्याने सुरू करू पाहते, आणि तो प्रयत्न फसला की निळा पडदा येतो. त्यावर बहुधा ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे शब्द असतात.

चित्र गोठते आणि आवाज एकाच ठिकाणी अडकतो, असाही प्रकार होतो. आमच्या संगणकावर एका संगीत नाटकाच्या नांदीत पेटीचा एकच स्वर आणि तबल्याचा अर्धा ठोका मिनिटभर घरघरत राहिला होता. माऊस हलत नव्हता आणि आकड्यांच्या कळफलकावरचा दिवाही लागत नव्हता. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून पाहाव्यात. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, आणि पडदा परत आला तर गुन्हेगार कोण तेही कळते.

शेवटचा प्रकार म्हणजे कोणताही पडदा न येता, पिन काढल्यासारखा संगणक पटकन विझणे. हा प्रकार मुख्यतः उष्णतेचा किंवा विजेच्या पुरवठ्याचा असतो, आणि त्यासाठी प्लेअर दहा वेळा बदलूनही उपयोग होत नाही.

निळ्या पडद्यावरचे शब्द वाचण्याआधीच संगणक पुन्हा सुरू होतो. ते कसे वाचावेत?

विंडोज आणि आर या कळा दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘एसवायएसडीएम’, पुढे टिंब आणि ‘सीपीएल’ ही अक्षरे इंग्रजीत लिहावीत. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या पानावर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ची सेटिंग्ज उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढावी. यापुढे पडदा थांबून राहील आणि मोबाईलने त्याचे छायाचित्र घेता येईल.

आधीच होऊन गेलेल्या घटनांसाठी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून त्यातील ‘विंडोज लॉग्ज’ आणि ‘सिस्टम’ हे भाग पाहावेत. ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ ही नोंद संगणक नीट बंद न होता विझला एवढेच सांगते. तिच्यावरून घाबरून जाऊ नये. ४१०१ ही नोंद ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून सावरल्याची असते. ‘अ‍ॅप्लिकेशन’ या भागातील १००० क्रमांकाच्या नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एका फाइलचे नाव असते आणि तेच नाव कामाचे असते. ते एनव्ही या अक्षरांनी सुरू होत असेल तर संशय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर, आयजीडी या अक्षरांनी असेल तर इंटेलच्या, आणि एएमडी किंवा एटीआय यांनी असेल तर एएमडीच्या ड्रायव्हरवर घ्यावा.

दोष प्लेअरच्याच नव्या आवृत्तीचा आहे, हे खात्रीने कसे ठरवावे?

एखादी गोष्ट नंतर झाली म्हणजे त्यामुळेच झाली, असे धरून चालू नये. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची एक सोय आहे; स्टार्टच्या शोधपेटीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असा पर्याय समोर येतो. त्यात दिवसवार तक्ता असतो : लाल फुली म्हणजे काहीतरी बंद पडले, आणि खालच्या ओळीत त्या दिवशी कोणते प्रोग्रॅम व ड्रायव्हर बसले किंवा बदलले ते दिसते. या सोयीबद्दल फार थोड्यांना ठाऊक असते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तासाभराचा वाद ती पाच मिनिटांत मिटवते.

वाचनालयाच्या संगणकाचे उदाहरण देतो. प्लेअर अद्ययावत केला त्याच दिवसापासून निळा पडदा येऊ लागला होता आणि आम्ही सर्वांनी प्लेअरलाच दोष दिला होता. तक्ता उघडला तेव्हा त्या दिवसाच्या रकान्यात दोन नोंदी होत्या. दुपारी प्लेअर अद्ययावत झाला होता आणि संध्याकाळी, वाचनालय बंद होण्याच्या सुमारास, विंडोज अपडेटने ग्राफिक्सचा ड्रायव्हरही गुपचूप बदलला होता. पहिली लाल फुली दुसऱ्या दिवशी सकाळची होती. ड्रायव्हर मागे नेला, प्लेअर नवाच ठेवला आणि बंद पडणे थांबले.

आणखी एक सोपी कसोटी आहे. तीच चित्रफीत दुसऱ्या प्लेअरमध्ये आणि ब्राउझरमध्ये चालवून पाहावी. तिन्हीकडे संगणक कोसळत असेल तर तिन्हींच्या खाली असलेल्या एकाच गोष्टीकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे किंवा यंत्राकडे, वळावे.

सर्वांत आधी कोणता उपाय करून पाहावा?

सर्वांत आधी मुद्रणांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. संगणक चालू राहत असेल तेवढ्या वेळात हे काम उरकावे, आणि ते होईपर्यंत दुसरे काहीही करू नये.

त्यानंतर हार्डवेअर डिकोडिंग बंद करून पाहावे. व्हीएलसीमध्ये ‘टूल्स’ या यादीतून ‘प्रेफरन्सेस’ उघडावे. कंट्रोल आणि पी या कळांनीही ते उघडते. ‘इनपुट / कोडेक्स’ या भागात ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डिकोडिंग’ समोर ‘ऑटोमॅटिक’ असे लिहिलेले असते, तिथे ‘डिसेबल’ निवडून ‘सेव्ह’ करावे आणि प्लेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. आता डिकोडिंगचे काम मुख्य प्रोसेसरकडे येते. एवढ्याने संगणक स्थिर झाला तर कारण सापडले असे समजावे. ड्रायव्हर सुधारेपर्यंत ही मांडणी तशीच ठेवायला हरकत नाही.

फरक पडला नाही तर डिकोडिंग पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करावे आणि ‘व्हिडिओ’ या भागातील ‘आउटपुट’ बदलून पाहावे. तिथे डायरेक्ट-थ्रीडी-११, डायरेक्ट-थ्रीडी-९ आणि ओपनजीएल असे पर्याय असतात, म्हणजे उलगडलेले चित्र पडद्यावर नेण्याचे वेगवेगळे रस्ते. ११ वर कोसळणारा जुना संगणक ९ वर निमूट चालतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवावी, हा माझा आग्रह आहे. एकदम चार गोष्टी बदलून संगणक बरा झाला, तर कशाने बरा झाला ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हार्डवेअर डिकोडिंग बंद केल्यावर संगणक उलट लवकर बंद पडू लागला. असे का व्हावे?

प्रोसेसरवर भार वाढला आणि तो तापू लागला, म्हणून. ही बातमी वाईट नव्हे, कारण तिने खरे दुखणे दाखवून दिले. गोव्यातील हवेत वर्षातले बरेच महिने ओल असते. पंख्याच्या पात्यांवर धूळ नुसती बसत नाही, तर ओलीने घट्ट चिकटते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर वाकळीसारखा थर जमतो. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेमुळे स्क्रू आणि जोडण्या गंजतात ते वेगळेच. तापमान दाखवणारा एखादा छोटा प्रोग्रॅम लावून चित्रफीत चालवावी. आकडा ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचत असेल तर पंखा साफ करून प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, बदलून घ्यावा. लॅपटॉप उशीवर किंवा पलंगावर ठेवून नाटक पाहण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी.

फक्त जुन्या कॅमेऱ्याच्या टेपवरून घेतलेली मुद्रणे लावली की प्लेअर कोसळतो. नव्या चित्रफिती व्यवस्थित चालतात.

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण आमच्या संग्रहातील मोठा भाग अशाच टेपवरून आलेला आहे. आपल्याकडील पॅल पद्धतीच्या टेपवर चित्राच्या ५७६ रेषा असतात आणि सेकंदाला २५ चौकटी असतात, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत साठवलेली असते : आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या रेषा. म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी झाल्या. संगणकाच्या पडद्यावर ते दोन भाग तसेच एकत्र दाखवले तर नाचणाऱ्या पात्राच्या हाताला, पदराला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या घालवण्याच्या क्रियेला ‘डीइंटरलेस’ म्हणतात. नवी चित्रफीत अशा अर्ध्या भागांत नसते, म्हणून तिथे ही पायरी लागतच नाही, आणि हे काम ग्राफिक्स चिपवर होत असेल तर ड्रायव्हरमधला दोष नेमका जुन्याच मुद्रणांवर उघडा पडतो.

व्हीएलसीच्या ‘व्हिडिओ’ भागात ‘डीइंटरलेसिंग’ तात्पुरते ‘ऑफ’ करून पाहावे. रेघा दिसतील, पण प्लेअर टिकला तर कारण कळले. मग हार्डवेअर डिकोडिंग बंद करून डीइंटरलेसिंग पुन्हा सुरू करावे. जुन्या मुद्रणांचे चित्र लहान असल्यामुळे प्रोसेसरला त्यांचा फारसा भार होत नाही, आणि या जोडीने आमची जवळजवळ सगळी नाटके विनातक्रार चालतात. अडचण मिटवण्यासाठी मूळ फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून मूळ पुसून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नये. नवी प्रत खुशाल करावी, मूळ मात्र तसेच ठेवावे.

उलट, मोबाईलवर घेतलेल्या चित्रफितींवरच कोसळतो. तो कशामुळे?

बरेच नवे मोबाईल एचईव्हीसी या, चित्रफीत कमी जागेत दाबून बसवणाऱ्या प्रकारात चित्रण साठवतात. आयफोनमध्ये हा प्रकार २०१७ पासून आहे आणि आयफोन १२ पासून त्यात १० बिटचे एचडीआर, म्हणजे रंगांच्या आणि उजेडाच्या अधिक छटा टिपणारे, चित्रणही येते. इंटेलच्या ६ व्या पिढीपर्यंतच्या चिपना १० बिटचे एचईव्हीसी स्वतःहून नीट उलगडता येत नाही, ती क्षमता ७ व्या पिढीपासून आली. जुन्या संगणकासाठी हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने एच.२६४ या जुन्या प्रकारची प्रत करून घ्यावी, किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातच ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडून ठेवावा.

प्लेअर काढून टाकला आणि पुन्हा घातला, तरीही तेच होते.

कारण काढून टाकताना जुनी मांडणी मागे राहिली. व्हीएलसी आपली मांडणी वेगळ्या फोल्डरात ठेवतो, आणि नवा घातलेला प्लेअर तीच जुनी मांडणी वाचून त्याच खड्ड्यात पडतो. काढून टाकताना मांडणी आणि कॅश पुसण्याचा पर्याय विचारला जातो, त्यावर खूण करावी. अगदी काढून टाकण्याचीही गरज नसते : ‘प्रेफरन्सेस’च्या तळाशी ‘रिसेट प्रेफरन्सेस’ हे बटण आहे. प्लेअर उघडतच नसेल तर विंडोज आणि आर दाबून ‘अ‍ॅपडेटा’ हा शब्द इंग्रजीत, दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये लिहावा आणि उघडलेल्या फोल्डरात ‘व्हीएलसी’ नावाचे फोल्डर असेल त्याचे नाव बदलावे. प्लेअर पुढच्या वेळी कोऱ्या मांडणीने सुरू होतो. त्या फोल्डरात आपल्या चित्रफिती नसतात, त्यामुळे भीती बाळगू नये.

३२ बिटची आणि ६४ बिटची अशा दोन आवृत्त्या एकाच संगणकात नांदत नाहीत ना, हेही प्रोग्रॅमच्या यादीत तपासावे. फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर भलतीच आवृत्ती उघडत असते आणि आपण सुधारणा मात्र दुसरीत करत बसतो.

जुनी आवृत्ती परत घालणे योग्य ठरेल का?

दोष शोधण्यापुरते योग्य, कायमचे नव्हे. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या अधिकृत संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात आणि त्या तिथूनच घ्याव्यात. जुन्या आवृत्तीवर आठवडाभर संगणक टिकला तर नव्या आवृत्तीचा संबंध सिद्ध होतो. परंतु नव्या आवृत्त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात. बाहेरून आलेली बिघडवलेली चित्रफीत उघडणे हा हल्ल्याचा एक मार्ग असतो, आणि नाट्यमंडळांत पेन ड्राइव्ह किती हातांतून फिरतो ते आपण जाणताच. म्हणून कारण कळले की पुन्हा नव्या आवृत्तीवर यावे.

ड्रायव्हर मागे न्यावा की नवा घालावा?

ड्रायव्हर नुकताच बदललेला असेल तर मागे न्यावा, वर्षानुवर्षे बदललेला नसेल तर नवा घालावा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ खाली आपली चिप दिसते. तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. ते फिके दिसत असेल तर परत जायला जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असा अर्थ होतो. नवा ड्रायव्हर घेताना लॅपटॉपसाठी आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे संकेतस्थळ पाहावे, मग चिप बनवणाऱ्या कंपनीचे. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे सांगणारे प्रोग्रॅम मी कोणालाही सुचवत नाही. त्यांनी घातलेले चुकीचे ड्रायव्हर काढण्यात माझे कित्येक रविवार गेले आहेत.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे त्या संगणकांसाठी नव्या ड्रायव्हरची वाट पाहत बसण्यापेक्षा टिकाऊ मांडणी शोधून तीवर स्थिर राहणे व्यवहार्य ठरते.

आता विंडोजच सुरू होत नाही. काय करावे?

सुरू होताना मध्येच दोन-तीनदा बटण दाबून संगणक बंद केला की विंडोज दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथून ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन ४ हा आकडा दाबला की सेफ मोड येतो. यात ग्राफिक्सचा नेहमीचा ड्रायव्हर वापरला जात नाही, त्यामुळे संगणक इथे स्थिर राहिला तर तोच संशयित ठरतो. या वाटेवर काही संगणक बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती हाताशी नसताना पुढे जाऊ नये.

‘सिस्टम रिस्टोअर’ सुरू ठेवलेले असेल तर अद्ययावत करण्याच्या आधीच्या दिवसावर परत जाता येते. त्याने आपल्या फाइल जात नाहीत, मात्र त्या दिवसानंतर घातलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात. अनेक संगणकांवर ही सोय बंदच असते, म्हणून सर्व सुरळीत असतानाच ती सुरू करून घ्यावी.

चित्रफितींचे फोल्डर नुसते उघडले तरी खिडकी बंद होते. प्लेअर तर लावलाही नाही.

विंडोज प्रत्येक फाइलचे छोटे चित्र तयार करू पाहते आणि त्यासाठी कोडेक, म्हणजे चित्रफीत उलगडणारा छोटा प्रोग्रॅम, वापरते. तिथेच ती अडखळते. ‘कॉम सरोगेट’ बंद पडल्याचा संदेश हीच खूण आहे. फोल्डरच्या पर्यायांत ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ यावर खूण करावी. नुकताच एखादा कोडेक पॅक घातला असेल तर तो काढावा.

कोडेक पॅक घातले तर व्हीएलसी सुधारेल का?

नाही. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत आणतो आणि बाहेरच्या पॅककडे पाहत नाही.

देवळाच्या सभामंडपात प्रोजेक्टर जोडला की हमखास बंद पडतो. घरी कधीच पडत नाही.

यात तीन कारणे एकत्र नांदतात. पहिले म्हणजे दुसरा पडदा जोडल्यावर ग्राफिक्स चिपला दोन वेगळ्या मापांची चित्रे पुरवावी लागतात. आधी प्रोजेक्टर जोडून चित्र स्थिर होऊ द्यावे, मग प्लेअर उघडावा आणि चालू नाटकात केबल हलवू नये. दुसरे म्हणजे दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जोडणी कधी एका चिपला असते आणि प्लेअर चालतो दुसरीवर. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ या वाटेने प्लेअरसाठी एकच चिप ठरवून द्यावी. तिसरे कारण वीज : जत्रेच्या दिव्यांच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या जोडणीवरच संगणकाची पिन लावलेली असते आणि दाब वरखाली होतो. मेजावरच्या संगणकाला यूपीएस हवाच. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर तीच यूपीएसचे काम करते. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात प्लेअर, ड्रायव्हर, विंडोज यांपैकी काहीही अद्ययावत करू नये आणि ‘सेटिंग्ज’मधून विंडोज अपडेट आठवडाभर थांबवून ठेवावे.

अद्ययावत करण्याची सूचना ब्राउझरमध्ये आली होती आणि मी तीच दाबली. काही बिघडले का?

बहुधा बिघडले. व्हीएलसीची खरी सूचना व्हीएलसीच्या आतूनच येते. एखाद्या संकेतस्थळावर ‘तुमचा प्लेअर जुना आहे’ असे सांगणारी चौकट फसवी समजावी. फ्लॅश प्लेअरचा आधार तर ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचा संपला, त्यामुळे आज येणारी त्याची प्रत्येक सूचना खोटी आहे. २०२२ मध्ये व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात काही महिने उघडत नव्हते, ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडले. मधल्या काळात अनेकांनी मिळेल तिथून प्लेअर घेतला आणि तीच फाइल पेन ड्राइव्हमधून अजून फिरत आहे. घातलेल्या फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहावे. तिथे व्हिडिओलॅनचे नाव नसेल तर तो प्रोग्रॅम काढून, विंडोज डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवावी आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत.

हे सर्व करूनही थांबत नाही. आता यंत्रच बिघडले आहे का?

तसे असू शकते. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ने रॅम तपासावी. पावसाळ्यानंतर रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळसर पडलेले मी वारंवार पाहतो. वीज पूर्ण तोडून, पट्टी काढून, ते दात साध्या खोडरबराने हळूच पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवली की कितीतरी संगणक सुधारतात. ‘सिस्टम’च्या नोंदींत ७ क्रमांकाची, ‘डिस्क’ या नावाखालची, बॅड ब्लॉक सांगणारी नोंद दिसली तर मात्र कोणतीही दुरुस्ती चालवू नये. आधी मुद्रणे उतरवून घ्यावीत, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तपासणीचा भार टाकला तर ती तपासणीतच संपू शकते.

दुरुस्तीसाठी दुकानात नेताना काय सांगावे?

तोंडी सांगू नये, एका कागदावर लिहून तो लॅपटॉपच्या पिशवीत ठेवावा. संगणक कोणत्या तऱ्हेने बंद पडतो, पहिल्यांदा कधी पडला, कोणती चित्रफीत चालू होती, पडद्यावर कोणते शब्द आले, ‘रिलायबिलिटी मॉनिटर’च्या तक्त्यात त्या दिवशी कोणकोणत्या नोंदी होत्या आणि आपण आतापर्यंत कोणते उपाय कोणत्या क्रमाने केले, एवढे त्यात असावे. मोबाईलने घेतलेले पडद्याचे छायाचित्र दुकानदाराला तिथेच पाठवावे. आणि कागदाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, ‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे लिहून खाली आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा.